तुला मी उदाहरण केलं

तुझं नाव मी इथे लिहिणार नाही. गावाचंही नाही. वहिनींनी तशी अट घातली आहे, आणि त्यांनी घातली नसती तरी एवढं शहाणपण आता मला यायला हवं होतं. कॉलेजातले आम्ही चार-पाच जण सोडले तर तुला 'घाना' या नावाने ओळखणारं कुणी नाही, म्हणून तेच नाव वापरतो. काही तपशील बदलले आहेत. बाकी जे सांगतो आहे ते मी एकदा भर सभेत सांगून बसलो आहे, त्यामुळे त्यात लपवण्यासारखं काही मी शिल्लकच ठेवलेलं नाही.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना तो किती मोठा होता हे सांगायची रीत आहे. मला ते जमणार नाही. तुझं मोठेपण चार लोकांत सांगूनच मी तुझं नुकसान केलं. तुझं आणि तुझ्या गावाचंही.

घाना हे नाव पडलं तेव्हा आपण शेवटच्या वर्षाला होतो. बर्लिनची भिंत पडून फार दिवस झाले नव्हते. राज्यशास्त्राचे आपले सर वर्गात येऊन म्हणाले होते की अलिप्ततावाद आता म्हातारा झाला आहे, तो जायच्या आत तुम्ही त्याच्या जागी एकदा उभं राहून बघा. मग त्यांनी बेलग्रेडला झाली होती तशी अलिप्त देशांची परिषद कॉलेजात भरवायची ठरवली. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, ज्याला जो देश येईल तो त्याचा. मला युगोस्लाव्हिया आला. माझा आवाज मोठा, त्यामुळे मला यजमान देश मिळाला याचा मला आनंदच झाला. तुला घाना. तुला घाना कुठे आहे हे माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं, पण मी ते कबूल केलं नाही. तू सरळ सरांकडे जाऊन नकाशा मागितलास.

हॉलमध्ये मागे कुणाच्या तरी आईच्या साड्या पडदा म्हणून लावल्या होत्या. मी लांबलचक भाषण केलं. साम्राज्यशाही, शांतता, मानवजात असे शब्द त्यात भरपूर होते. तू उठलास आणि धरणावर बोललास. घानाने धरण बांधायला एका गटाकडून पैसे घेतले आणि दुसऱ्या गटाशी दोस्ती ठेवली, हे तू कुठून तरी वाचून आला होतास. "धरणाला पैसे ह्यांनी दिले, मैत्री त्यांच्याशीपण ठेवली," तू म्हणालास. "आता दोघंही नाराज हायेत. म्हणजे बरोबर चाललंय." सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग तू खाली बसता बसता एक वाक्य जोडलंस, की धरणात बुडाली ती गावं कुणाची होती हे पुस्तकात सापडलं नाही, कुणाला माहीत असेल तर सांगा. परिषद तशीच पुढे चालू राहिली.

तेव्हापासून तू घाना. पुढे माझा देश फुटायला लागला. तू तालुक्याच्या गावातल्या एसटीडी बूथवरून फोन करायचास आणि पैसे पडत असतानाही आधी विचारायचास, "काय युगोस्लाव्हिया, आता किती तुकडे झाले?" देश संपला तरी माझं नाव तू बदललं नाहीस.

मला तुझं होस्टेलमधलं वागणंही आठवतं. तिथल्या निवडणुकीत दोन पॅनल होती आणि दोन्ही पॅनल मिसळ खाऊ घालायची. मी एकाच पॅनलची खाल्ली आणि स्वतःला तत्त्वनिष्ठ समजलो. तू दोघांकडे पोटभर खाल्लीस आणि दोघांनाही वरच्या मजल्यावरच्या मोरीत पाणी कधी येणार ते विचारलंस. मी म्हणालो, लेका, हे बरं नाही. तू म्हणालास, मिसळीला मत दिलं असतं तर बरं नसतं. पाणी आलं, हे मात्र खरं. ते पाणी मीही वापरलं.

आपण शिकलो तेव्हा अलिप्तता म्हणजे काय हे सरांनी एका वाक्यात सांगितलं होतं. दोघांपासून सारखं अंतर ठेवून उभं राहणं हा तिचा अर्थ घेऊ नका, प्रत्येक प्रश्नावर आपलं मत आपण ठरवू, एवढंच त्या देशांना म्हणायचं होतं. नुकते सुटलेले देश. कुणाकडे धान्य नाही, कुणाकडे पोलाद नाही, शाळा नाहीत, आणि दोन बलाढ्य गट दारात येऊन विचारतात, तुम्ही कुणाचे? हे म्हणतात, आम्ही आमचे. ते उत्तर दोन्ही गटांना उर्मट वाटलं. एकाने त्याला अनीती म्हटलं, दुसऱ्याने ढोंग. मी हे पंचवीसहून अधिक वर्षं नाशिकच्या गंगापूर रोडवरून कॉलेजात जाऊन शिकवत आलो. तू ते आश्रमशाळेत मुलांना गणित शिकवत शिकवत करत आलास. दोन्हींतला फरक मला फार उशिरा कळला.

तुझं गाव दोन राज्यांच्या हद्दीवर. ओहोळ ओलांडला की पलीकडचं राज्य. इकडे रेशन, शाळा, ग्रामपंचायत, आणि कितीही वर्षं मागितला तरी न होणारा रस्ता. पलीकडे चांगली सडक आणि एका ट्रस्टचा दवाखाना. त्या दवाखान्याची जीप बाजाराच्या दिवशी ओहोळ ओलांडून गावात यायची. पोटुशा बायका, म्हातारी माणसं, खोकणारी पोरं घेऊन जायची, संध्याकाळी परत सोडायची. तिने हद्दीपलीकडे येऊ नये असं बहुधा कुठेतरी लिहिलेलं असणार. पण तिथल्या कुणीतरी भल्या माणसाने ते वाचायचं टाळलं होतं, आणि तुम्ही त्याला वाचायला लावत नव्हतात.

तू सरपंच कधी झाला नाहीस, पण बाहेरून कोणी आलं की गाव तुलाच पुढे करायचं. सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला पलीकडच्या राज्यात घ्या म्हणून आवाज उठवला, तेव्हा तुझ्या दारातही माणसं आली. आधी मागणीवाले आले. गाव आमच्यात आलं तर जोर येईल, सही करा म्हणाले. त्यांच्यामागून इकडचे आले, झेंडा आणि फोटोग्राफर घेऊन. आम्ही इथलेच आणि इथेच राहणार, असं गावाने म्हणावं अशी त्यांची इच्छा होती. तू दोघांनाही बसवलंस, चहा दिलास आणि एकच सांगितलंस, की गावाचं म्हणणं रस्त्याबद्दल आहे, राज्याबद्दल नाही. रस्त्याचा कागद आणा, त्यावर पहिली सही माझी.

हे तू मला उतारावरच्या खडकावर बसून सांगितलंस. मी त्या आठवड्यात सुट्टी घेऊन तुझ्याकडे आलो होतो. वहिनींनी नागलीची भाकर आणि उडदाची आमटी केली होती. मी इतका खूश झालो की म्हणालो, अरे, हे तर बांडुंगच्या परिषदेसारखं झालं. तू म्हणालास, "बांडुंग कुठलं, घरातली साखर संपली."

मग मी तुला जीपबद्दल विचारलं. ती येते कशी, त्यांना कधी विचारलंस का?

"विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागंल," तू म्हणालास. "उत्तर द्यायचं तर नाय म्हणावं लागंल."

हे वाक्य मी तेव्हा डोक्यात साठवून ठेवलं, हे आज लिहितानाही लाज वाटते. मित्र काळजीची गोष्ट सांगत होता आणि मी एक चांगलं वाक्य मिळाल्याच्या आनंदात होतो.

आपला एक वाद त्या दिवशी परत निघाला होता. तो कॉलेजपासून चालू होता. छप्पन साली इजिप्तवर हल्ला झाला तेव्हा आपला देश खणखणीत बोलला आणि त्याच सुमारास हंगेरीत रशियाचे रणगाडे शिरले तेव्हा अडखळला, हे मला नेहमी बोचायचं. प्रत्येक प्रश्नावर आपलं मत म्हणता, मग तिथे मत कुठे गेलं? तू म्हणायचास, गप्प बसलं म्हणजे पटलं असं नाय. मी म्हणायचो, बाहेरच्याला दोन्ही सारखंच दिसतं. तू म्हणायचास, बाहेरच्यासाठी कोण बसलंय. पण त्या दिवशी खडकावर तू पहिल्यांदा थांबलास आणि म्हणालास की हंगेरीतल्या माणसाला काय वाटलं असेल, ते मात्र मला सांगता येत नाही. मी त्याला माझा विजय समजलो. आता वाटतं, तू माझ्याशी वाद घालत नव्हतास. तू खरंच विचार करत होतास.

दुसरा वाद हल्लीचा. लढाया चालू आहेत, आपण तेल कुणाकडून घ्यावं, मत द्यावं की तटस्थ राहावं, यावर टीव्हीवर रोज आरडाओरडा. मी म्हणालो, बघ, आपलं जुनं धोरण परत आलं. तू मान हलवलीस. तेव्हा आपण लहान होतो, आता मोठे झालो, तू म्हणालास. लहानाने गप्प बसणं वेगळं आणि मोठ्याने गप्प बसणं वेगळं. यावर मला पुष्कळ बोलायचं होतं. माझ्याकडे मुद्दे तयार होते. ते तसेच आहेत.

आता त्या संध्याकाळबद्दल.

उन्हाळ्यातल्या व्याख्यानमालेत मला बोलवलं, विषय होता अलिप्ततावादाचं आज काय उरलं. मी तुला फोन करून आग्रहाने बोलावलं. तू एसटीने आलास, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. माझ्या बायकोशेजारी तिसऱ्या रांगेत बसलास. मी बांडुंगपासून सुरुवात केली. बेलग्रेड झालं, अमेरिकेचा गहू झाला, रशियाचं पोलाद झालं. लोक चुळबुळ करायला लागले. दोघे-तिघे उठून गेले, पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मोबाइल बघत होते. बोलणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं आणि त्या क्षणी तो काहीही करायला तयार होतो.

मी तुझं गाव काढलं.

नावासकट काढलं. ओहोळ, जीप, बाजाराचा दिवस, दोन्हीकडून आलेली माणसं, चहा, रस्त्याचा कागद. तुझं वाक्यही सांगितलं, ते विचारण्याचं आणि उत्तराचं. लोक जागे झाले. हसले, टाळ्या वाजल्या. मोबाइलवाल्या गृहस्थांनी मोबाइल वर करून चित्रण सुरू केलं. आणि मी, टाळ्यांच्या भरात, म्हणालो की हा माणूस आज इथे बसला आहे. "ऊठ रे. उभा राहा."

तू उभा राहिलास. सगळ्या सभेने माना वळवल्या. तू हात जोडलेस आणि जोडलेले ठेवलेस, टाळ्या थांबेपर्यंत. मग बसलास.

घरी जाताना बायको म्हणाली, त्यांना आवडलं नाही ते. मी म्हणालो, लाजाळू आहे, पहिल्यापासून. तू त्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला येणार होतास. सभा संपल्यावर म्हणालास की परत जायला गाडी आहे अजून, निघतो. इतक्या वर्षांत तू नाशिकला येऊन आमच्याकडे न राहता गेला नव्हतास. मला ते खटकलं आणि मी ते खटकणं बाजूला ठेवलं, कारण फोनवर अभिनंदनाचे निरोप येत होते. ती चित्रफीत खूप फिरली. मलाच ती अनोळखी माणसांकडून परत परत आली. मी ती पुन्हा पुन्हा पाहिली. तुला नाही रे, मला पाहत होतो.

मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की त्याने मला कुठे बोलू नको असं म्हटलंच नव्हतं. खरंच नव्हतं म्हटलंस. मित्राला ते सांगावं लागत नाही असं तू धरून चालला होतास.

पावसाळा सरता सरता तू नाशिकला काही कामाने आलास. कसल्या कामाने ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आता कळतं की छातीच्या तपासण्यांसाठी आला होतास. मी तुला गाडीत घेतलं. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी कोंडी. पुलाखाली ट्रक, बस, रिक्षा, सगळे एकमेकांना अडवून उभे. तिथे तू सांगितलंस.

"जीप बंद झालीय."

व्हिडिओ त्यांच्या वरच्या माणसांपर्यंत गेला होता. हद्दीबाहेर गाडी कशी जाते, लेखी द्या, असं दवाखान्यातल्या त्या भल्या माणसाला सांगितलं गेलं. त्याने लेखी दिलं आणि जीप थांबवली. दुसरं काय करणार होता तो? इकडेही तेच. रस्त्याचं विचारायला तुम्ही गेलात तेव्हा एक साहेब हसून म्हणाले, तुमचं काय, तुम्हाला तिकडून सगळं मिळतं, आम्ही पाहिलं की व्हिडिओत. तू हे सगळं समोरच्या ट्रककडे बघत, कुठलाही ठपका न ठेवता सांगत होतास. दोन बायकांना बाळंतपणासाठी झोळीत घालून, गाडीरस्ता संपतो त्या वरच्या वाडीपर्यंत न्यावं लागलं, हेही त्याच आवाजात.

मी काय म्हणायला हवं होतं ते कुणालाही कळेल. मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, की जे उघड सांगता येत नाही ते धोरण मुळातच कच्चं असतं. आज ना उद्या हे व्हायचंच होतं. त्या देशांनी बघ, जगासमोर उभं राहून सांगितलं, आम्ही कुणाच्या गटात नाही. लपवलं नाही. त्यात ताकद होती. तुम्ही लपून करत होतात, म्हणून मोडलं.

गाडीत बसून मी तुला हे शिकवलं, घाना. वर्गात शिकवतो तसं, मुद्दे काढून.

तू म्हणालास, तू बरोबर बोलतोस, तुझं नेहमी बरोबर असतं. त्यात टोमणा होता की नव्हता ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग थोड्या वेळाने, पुढची गाडी जराशी हलली तेव्हा, तू म्हणालास, "एक सांगू का? त्या मोठ्या देशांनीपण तेच केलं असंल बघ. लहानाला विचारलंच नाय. आपला म्हणून टाकला आणि टाळ्या घेतल्या."

आणि म्हणालास, उतरतो इथंच, मला जवळ पडेल. दार हळू लावलंस. ट्रकांच्या मधून तुझा शर्ट थोडा वेळ दिसत होता. मग मागच्याने हॉर्न वाजवला.

मी त्या वाक्यावर फार विचार केला आहे. तू कुणाच्याच गटात नव्हतास. इकडच्यांनी झेंडा आणून पाहिला, तिकडच्यांनी कागद आणून पाहिला, त्यांतल्या कुणाला जमलं नाही ते मी करून दाखवलं. मी तुला माझ्या बाजूला घेतलं, माझ्या व्याख्यानाच्या बाजूला. तुझ्या-माझ्यात मोठा देश मी होतो. माईक माझ्याकडे होता, सभा माझी होती, पगार, पुस्तकं, घर, गाडी, सगळं. आणि इतकी वर्षं मी स्वतःला लहानांच्या रांगेतला समजून त्यांच्या वतीने बोलत होतो.

त्यानंतर तुला लिहायला मी अनेकदा बसलो. फोनवर निरोप टाइप करून पुसला. वर्तमानपत्रातल्या माझ्या रविवारच्या सदरात खुलासा छापावा असंही मनात आलं, अर्धा लिहिलाही, आणि मग लक्षात आलं की खुलाशात पुन्हा गावाचं नाव येणार, पुन्हा जीप येणार, पुन्हा ती चित्रफीत कुणीतरी शोधणार. माझी चूक अशी होती की ती दुरुस्त करायची तर तीच परत करावी लागत होती. मी ते कारण पुढे करून गप्प बसलो. मनातून हायसंही वाटलं, हे सांगायलाच हवं.

दिवाळीत तुझा फोन आला. "काय युगोस्लाव्हिया," नेहमीसारखा. फराळाचं बोलणं झालं, मुलांचं झालं. तू विषय काढला नाहीस, मीही नाही. फोन ठेवून मी बायकोला म्हणालो, बघ, तो विसरला. तुझ्या सभ्यपणाला मी माफी समजलो. ते मला सोपं गेलं.

मग पहाटे छातीत दुखायला लागलं, इकडची रुग्णवाहिका यायला उशीर झाला, तुला मोटारसायकलवर मध्ये बसवून वरच्या वाडीपर्यंत आणलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच तू गेलास. जीप असती तर? तो बाजाराचा दिवस नव्हता, जीप आलीच नसती. पण पलीकडच्या सडकेला असती, निरोप गेला असता, पोरांनी धावत जाऊन आणली असती. मी माझ्या एका डॉक्टर मित्राला विचारलं. तो म्हणाला, इतका मोठा झटका असेल तर सहसा फरक पडत नाही. मी दुसऱ्या डॉक्टरलाही विचारलं, तोही तेच म्हणाला. मी तुझ्याबद्दल विचारत नव्हतो. मला माझी सुटका हवी होती. ती दोघांनी दिली, तरी ती मला लागू पडत नाही.

तुझ्या दिवसकार्याला मी आलो. शेवटच्या वाडीनंतरचा रस्ता अजून तसाच आहे. गाडी वर ठेवून चालत उतरलो. तू बसायचास त्या खडकाकडे बघितलं नाही. माणसं बरीच होती. आश्रमशाळेतली मुलं शिकून मोठी झालेली, कुणी कळवणहून, कुणी द्राक्षांच्या कामावरून आलेली. मला ओळखणारे होते, त्यांनी नमस्कार केला, बसायला दिलं. कुणी वाईट वागलं नाही.

वहिनी मागच्या दारी भांड्यांपाशी होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. जे तुला सांगायचं होतं ते. चूक माझी आहे, मी साहेबांना भेटतो, पलीकडे ट्रस्टच्या लोकांना जाऊन भेटतो, हात जोडतो, वर्तमानपत्रात लिहितो. माझ्या ओळखी आहेत. त्यांनी ऐकून घेतलं. हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुम्ही कुठं जाऊ नका, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेले की परत नाव होतं. आता काय करू नका, तेवढं करा."

मी विचारलं, तो माझ्यावर चिडला होता का. त्यांनी मान हलवली. "चिडले नव्हते. दमले होते. सगळ्यांना समजावून समजावून." मग म्हणाल्या, की त्यांच्याबद्दल लिहायचं तर लिहा, तुम्ही मित्र होतात, पण त्यांचं नाव नको आणि गावाचंपण नको. आणि जेवून जा.

माझ्यावर चिडायचा हक्क तू वापरला असतास तर मला किती बरं झालं असतं. दोन शिव्या घातल्या असत्यास द्वारकेच्या चौकात, तर मीही चिडलो असतो, भांडलो असतो, आणि भांडणातून कदाचित माफीही निघाली असती. तू मला तीस-पस्तीस वर्षं खूप दिलंस. तुझ्याकडे येऊन मी पोटभर झोपायचो. शहरात कुठेच मला तशी झोप लागत नाही. माझ्या वर्गातल्या प्रत्येक चांगल्या वाक्यामागे तुझं काहीतरी होतं. विद्यार्थी म्हणतात, सर सोपं करून सांगतात. ते सोपं करणं तुझं होतं. मी आभार कधी मानले नाहीत, तेही राहिलंच.

जेवणाचं ताट घेऊन मी पडवीत आलो. गावातले सात-आठ जण भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्यात बाहेरचा एक माणूस होता. कुठला, ते लिहीत नाही. तोही तुझ्या कार्याला आला होता. त्यांचं काहीतरी खालच्या आवाजात चाललं होतं, तुझ्याबद्दलचं नसावं, कारण मध्ये मध्ये हाताने कुठली तरी वाट दाखवत होते. मी दारात दिसलो आणि बोलणं थांबलं.

त्यांनी मला जागा करून दिली. मी बसलो. एकाने नाशिकच्या ट्रॅफिकचं विचारलं. दुसऱ्याने विचारलं, यंदा द्राक्षाचं कसं आहे तिकडे. मी उत्तरं दिली. बाहेरचा माणूस ताटाकडे बघत भाकर मोडत होता. कुणी अवघडलेलं दिसत नव्हतं. ते मला सांभाळून घेत होते, दारात आलेल्या कुणालाही घ्यावं तसं. चहा देऊन बसवावं तसं.

तेव्हा मला कळलं की तुझं धोरण मोडलेलं नाही. ते अजून चालू आहे आणि आता ते ज्यांच्यापासून जपायचं त्या माणसांत मी आहे.

मी ताट उचललं. बाहेर वारा बरा आहे, म्हणालो, आणि अंगणात जाऊन बसलो, भिंतीपासून लांब, जिथून ऐकू येणार नाही तिथे. कुणी मला बस म्हटलं नाही. मग बोलणं परत सुरू झालं. मी पाठ फिरवून जेवत राहिलो.